वैद्यकीय प्रतिमांचे भौतिकशास्त्र: संशोधन आणि अध्यापनाची वाट कशी धरावी

पुण्यात भौतिकशास्त्राची एमएस्सी करणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅनच्या तंत्रावर संशोधन करायचे आहे, त्यांनी या क्षेत्रातील दोन वेगळ्या वाटा आधी समजून घ्याव्यात. पहिली वाट रुग्णालयातील मेडिकल फिजिसिस्टची. तिच्यासाठी एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, किंवा मग मेडिकल फिजिक्समधीलच एमएस्सी, त्यापुढे रेडिओथेरपी (किरणोपचार) विभागात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा असा क्रम असतो, आणि पात्रतेचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवते. दुसरी वाट नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी राष्ट्रीय परीक्षा देऊन पीएचडी आणि पुढे प्राध्यापकपदाकडे जाणारी. आपल्याकडे पहिल्या वाटेवरच्या बहुतेक जागा रेडिओथेरपीतील असतात आणि निव्वळ इमेजिंगच्या फार थोड्या. त्यामुळे ओढा संशोधनाकडे असला, तरी जमल्यास पदविका पीएचडीच्या आधीच करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पीएचडीनंतर पुन्हा विद्यार्थी होणे घरच्या जबाबदाऱ्यांमुळे सहसा जमत नाही.

महाविद्यालयात शिकवण्याचा विचार असेल, तर पुणे विद्यापीठातर्फे होणारी सेट ही सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही लवकर देऊन टाकावी.

तयारीचा गाभा मात्र गणितात आहे आणि त्यासाठी पुण्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. नारायणगावजवळ खोडद येथे उभी असलेली जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आकाशाचे थेट छायाचित्र घेत नाही. अँटेनांच्या प्रत्येक जोडीकडून तिला आकाशाच्या फूरिए रूपांतराचा (चित्र लहरींच्या बेरजेत मांडण्याच्या गणिताचा) एकेक नमुना मिळतो आणि त्या अपुऱ्या नमुन्यांतून प्रतिमा गणिताने उभी करावी लागते. एमआरआय मशीनही के-स्पेसमधील, म्हणजे प्रतिमेच्या फूरिए रूपांतराचे, नमुनेच गोळा करते. रुग्णाला कमी वेळ मशीनमध्ये ठेवायचे, तर नमुने कमी घ्यावे लागतात आणि प्रश्न पुन्हा तोच उभा राहतो. विद्यापीठाच्या आवारातच असलेल्या, जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेतील व्याख्याने इमेजिंगच्या विद्यार्थ्याने आवर्जून ऐकावीत, ती याच कारणासाठी. सीटीच्या गणिताला तर भारतीय हातभार लागलेला आहे. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ साली फूरिए रूपांतराऐवजी कन्व्होल्यूशन (शेजारच्या बिंदूंची भारित बेरीज) वापरून प्रतिमा उभी करण्याची रीत मांडली. तो शोधनिबंध मुळातून वाचावा आणि ती रीत स्वतःच्या संगणकावर लिहून पाहावी. एमआरआयसाठी फास्टएमआरआय या खुल्या संग्रहात के-स्पेसची कच्ची माहिती मिळते, त्यामुळे मशीन हाताशी नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही.

तरीही एवढ्यावर कोणी इमेजिंग फिजिसिस्ट होत नाही. ॲलन कॉर्मॅक यांनी सीटीचे गणित १९६३ आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केले, पण त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमधील एका रुग्णालयात रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हा चित्र पालटले आणि १९७९ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. म्हणून शहरातील एखाद्या रुग्णालयाच्या रेडिओलॉजी विभागात, रीतसर परवानगी घेऊन, पहिल्या रुग्णाच्या आधी होणारी सीटी मशीनची गुणवत्ता चाचणी पाहण्यास जावे. टेक्निशियन पाण्याचे फॅन्टम (रुग्णाऐवजी वापरायचे चाचणीचे भांडे) टेबलावर ठेवतात, लेझरच्या रेषा त्यावरच्या खुणांशी जुळवतात, स्कॅन घेतात आणि पडद्यावर एक वर्तुळ काढून आतील सरासरी पाहतात. पाण्याचा आकडा, म्हणजे सीटीच्या मोजपट्टीवरचे मूल्य, शून्याच्या आसपास हवा. तेच वर्तुळ मधून कडेकडे सरकवले की आकडा किती हलतो आणि डोस कमी केल्यावर प्रतिमेतील दाणेदारपणा कसा वाढतो, हे तेथे डोळ्यांनी दिसते. टेक्निशियनना मोकळेपणाने प्रश्न विचारावेत, कारण मशीनच्या खोडी त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात.

पीएचडीचा विषयही अशाच ठिकाणी शोधावा. कोणत्या प्रतिमा परत घ्याव्या लागतात आणि कोणत्या अहवालाच्या वेळी शंका राहते, हे रेडिओलॉजिस्टना विचारावे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या संख्येआधी एक गोष्ट पाहावी: त्यांच्या विद्यार्थ्यांना कच्चा डेटा आणि मशीनवरचा वेळ प्रत्यक्ष मिळतो का? सहमार्गदर्शक म्हणून एखादे डॉक्टर पहिल्या वर्षापासूनच सोबत असावेत.

रुग्णांच्या प्रतिमा वापरायच्या असतील, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित स्वरूपातील फाइलमधील नाव, जन्मतारीख यांसारखी ओळख काढून टाकावी लागते. सोनोग्राफीवर काम करणाऱ्यांनी गर्भलिंगनिदानविरोधी कायदा नीट वाचावा. १९९४ च्या या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या केंद्राला सोनोग्राफी मशीन विकताच येत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेसाठी मशीन घेण्याआधी नोंदणीची बाब समुचित प्राधिकाऱ्यांकडे लेखी मार्गी लावावी आणि त्यासाठी लागणारा वेळ संशोधन प्रस्तावाच्या वेळापत्रकातच धरावा.