कोर्टाच्या सिनेमात शेवट आधीच फुटतो? या चुका टाळा

कोर्टाचा सिनेमा लिहिणारी पोरं आता यवतमाळ-वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत भेटतात. कॅमेरा भाड्यानं मिळतो, तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐकता येतो, आणि गावात भांडणांचा दुष्काळ नाही. संहिता हातात देताना बहुतेकांच्या मनात एकच भीती असते: शेवटाची चाहूल आधी लागली तर क्लायमॅक्स पडेल. मग सगळं लपवलं जातं आणि शेवटच्या दहा मिनिटांत कोर्टाचं दार ढकलून एक साक्षीदार धापा टाकत आत येतो. चाहुलीमुळे सिनेमा पडतो हे मला पटत नाही. चाहूल कशाची दिली, यावर सगळं ठरतं.

एक कल्पित गोष्ट घेऊ. तुरीच्या वावराभोवती रानडुकरांसाठी तार लावलेली. रात्री शेजारचा शेतकरी त्या तारेला चिकटून मरतो. आरोपी म्हणतो, मोटारीच्या पेटीतून करंट सोडला होता, माणूस येईल असं वाटलं नाही. हा निष्काळजीपणा, सदोष मनुष्यवध की खून? भारतीय न्याय संहितेत कलम 106, 105 आणि 103 यांच्यात शिक्षेचं मोठं अंतर आहे. क्लायमॅक्सला कळतं की त्या वेळी शेतीची लाईन बंदच होती. म्हणजे करंट गावठाणाच्या, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या लाईनवरून, लांब वायर ओढून, मुद्दाम आणलेला होता.

चूक पहिली: वस्तुस्थितीऐवजी निकाल पेरणं

सर्वांत जास्त सिनेमे इथं मार खातात. पहिल्या अर्ध्या तासात पारावरचा म्हातारा म्हणतो, "खोट्याचं आयुष्य थोडं असते पोरा." वकीलबाई न्यायदेवतेच्या पुतळ्याकडे बघते. कॅमेरा विजेच्या खांबावर चढतो आणि खाली तबला घुमतो. मागच्या रांगेतून लगेच आवाज येतो, "झालं, करंटातच भानगड हाय बाप्पा." प्रेक्षकाला पुरावा दिलाच नाही, निष्कर्ष मात्र दिला. आता उरलेला दीड तास तो तुमची वाट पाहत बसणार.

तीच गोष्ट अशी पेरा. शेतीपंपांना वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. विदर्भातल्या कुठल्याही गावात हा रोजच्या बोलण्यातला विषय. नवरा-बायकोचं भांडण चाललंय. ती म्हणते, "रातभर वावरात राहाल तं पोरीले दवाखान्यात कोण नेईन?" तो म्हणतो, "या हप्त्यात लाईन दिवसाची हाय, रातच्याले घरीच हावो मी." भांडण पोरीच्या दवाखान्याचं आहे, प्रेक्षकाचं लक्षही तिथंच. लाईन दिवसाची आहे ही माहिती मात्र त्याच्या कानावरून गेली. पुढं कोर्टात वीज उपकेंद्राची लॉगबुक, म्हणजे लाईन कधी चालू-बंद झाली त्याची नोंदवही, उघडली की त्याला ते भांडण आठवतं, आणि ते आठवणं त्याचं स्वतःचं असतं. सूचक वाक्याला दृश्यात दुसरं काम द्या. नुसती सूचना द्यायला आलेलं वाक्य प्रेक्षकाला लगेच ओळखू येतं.

1957 च्या '12 अँग्री मेन' या अमेरिकी सिनेमात हे फार सफाईनं केलंय. त्यात बारा ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवायला बसवलेले नागरिक, एका खोलीत वाद घालतात. खून पाहिल्याचं सांगणारी बाई चष्मा वापरत असणार, हे तिच्या नाकाच्या बाजूंना असलेल्या खुणांवरून एका म्हाताऱ्या ज्युरीच्या लक्षात येतं. त्या खुणा आपण कधीच पाहिलेल्या नसतात, बाई पडद्यावर येतच नाही. पण समोर बसलेल्या एका ज्युरीच्या नाकावर चष्मा पहिल्यापासून असतो. तो चष्मा काढून नाक चोळतो, आणि फसवल्यासारखं वाटत नाही. पुरावा अर्धाच पेरला तरी चालतो. पुरावा ओळखायची रीत मात्र पूर्ण पेरलेली हवी.

चूक दुसरी: कागद आभाळातून पडणं

आपल्याकडच्या फौजदारी खटल्यात दोषारोपपत्रासोबतचे जबाब, पंचनामे, अहवाल यांच्या प्रती आरोपीला द्याव्या लागतात. न्यायालय कुठल्याही टप्प्यावर साक्षीदार बोलावू शकतं, हे खरं. तरी त्यासाठी अर्ज होतो, समोरचा वकील हरकत घेतो, तारीख पडते. धावत आलेला माणूस थेट पिंजऱ्यात चढत नाही. हे बंधन लेखकाच्या फायद्याचं आहे. वीज लागून मृत्यू झाला की विद्युत निरीक्षकाचा अहवाल येतोच. त्याला जोडलेलं लॉगबुकाचं पान दोन्ही वकिलांच्या फायलीत पहिल्या दिवसापासून पडलेलं दाखवा. सगळ्यांनी ते उलटलं, वाचलं कुणीच नाही. नवा कागद आणण्यापेक्षा जुना कागद नव्यानं वाचला जाणं कितीतरी चढतं.

(आणि तो लाकडी हातोडा काढा. आपल्या कोर्टात न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत.)

चूक तिसरी: सत्य कळलं की गोष्ट संपली, असं धरणं

समजा, प्रेक्षकानं लाईनचं कोडं मध्यंतरालाच सोडवलं. बिघडलं काय? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की नाटकांचा हंगाम लागतो. शेवटी कोण जिंकणार हे मंडपातल्या बहुतेकांना पडदा उघडण्याआधीच माहीत असतं, तरी पब्लिक पहाटेपर्यंत हलत नाही. कारण 'काय' हे ठाऊक असलं तरी 'कोण, कधी, कशाच्या बदल्यात बोलणार' हे ठाऊक नसतं.

खेड्यातल्या खटल्यात तर हाच खरा ताण आहे. वायर ओढताना पाहिलेला सालदार आरोपीच्याच घरी कामाला आहे. पोलिसांना दिलेला जबाब एक, कोर्टातली साक्ष वेगळी, आणि सरकारी वकील उठून त्याला फितूर घोषित करायची कोर्टाला विनंती करतो. हा माणूस फिरणार याची चाहूल तुम्ही आधी दिली तर क्लायमॅक्स कमजोर होत नाही, घट्ट होतो. त्याच्या पोराच्या शाळेची फी कोण भरतं ते दाखवा, मालकिणीनं पोळ्याला दिलेलं धोतर दाखवा. पिंजऱ्यात तो गप्प उभा राहील तेव्हा काय तुटतंय ते प्रेक्षकाला कळायला हवं. त्याचं ओझं आधीच लपवलंत, तर तिथं नुसता एक माणूस गप्प उभा दिसेल.

पोस्टर आणि पात्रनिवड यांच्याबद्दल थोडक्यात: ओळखीचा नट दोन वाक्यांच्या तलाठ्याच्या भूमिकेत घेतला, की खुनी तोच, हे पोरंसुद्धा सांगतात.

बिघाड कुठं आहे, कसं शोधायचं

कच्चं संकलन झालं की ग्रामपंचायतीच्या सभागृहात चादर बांधा आणि गावच्या लोकांना दाखवा. मित्रांना दाखवून उपयोग नाही, ते भिडेखातर बोलतात. क्लायमॅक्सच्या आधी थांबवा आणि दोनच गोष्टी विचारा: आता काय होणार, आणि कशावरून?

"कशावरून" याचं उत्तर महत्त्वाचं. कुणी एखादं ठरावीक दृश्य सांगितलं, खांबाचं किंवा म्हाताऱ्याचं, तर तिथं सूचना भडक झाली. संगीत काढा, क्लोजअप काढा, संवाद मात्र लगेच उडवू नका. "हिरोईन वकील हाय ना, जिंकनच" असं उत्तर आलं तर तुमच्या पेरणीचा दोष नाही, गोष्टीच्या मूळ प्रश्नाचा आहे: सिनेमा अजून जिंकण्या-हरण्यावरच उभा आहे. तिसऱ्या चुकीकडे परत जा. आणि कुणालाच काही सांगता आलं नाही तर खूश होऊ नका. शेवट दाखवून बघा. "हे कवा दाखवलं होतं?" असं कुणी विचारलं तर सूचना इतकी पुसट आहे की ती पोचलीच नाही, तेच वाक्य दुसऱ्या पात्राच्या तोंडी, दुसऱ्या कारणानं, आणखी एकदा येऊ द्या.

फक्त अंदाज शेवटानंतर विचारू नका. शेवट पाहिला की सगळ्यांनीच तो आधी ओळखलेला असतो.