आवाजाच्या कामासाठी स्वस्त मॉनिटर स्पीकर: घुमारा असा गेला

घरी व्हॉइसओव्हर एडिट करताना आवाज स्पीकरवर घुमायचा. म्हणून आवाजाचा खालचा, जाड भाग (बेस) कापला की हेडफोनवर तोच आवाज पातळ, निर्जीव. कारण भिंत होती. मागे पोर्ट (हवा बाहेर सोडणारं भोक) असलेले मॉनिटर भिंतीला चिकटून ठेवले की बेस फुगतो. ते पुढे ओढले, मागचा लो-फ्रिक्वेन्सी (बेसचा) स्विच खाली केला, ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर आणले, दोन स्पीकर आणि डोकं असा समभुज त्रिकोण साधला. घुमारा गेला.

नवे घेणाऱ्यांना आग्रहाने सांगेन, छोट्या खोलीत ५ इंची वूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) पुरतो. बोलण्याचा मूळ स्वर सहसा ८० हर्ट्झच्या खाली जातच नाही, मग ८ इंची कशाला? उरलेले पैसे जाड पडद्यांवर आणि बॅलन्स्ड केबलवर (बाहेरची खरखर कमी करणारी) घाला. रेकॉर्डिंग चालू असताना मात्र मॉनिटर म्यूट आणि कानावर क्लोज्ड-बॅक (मागून बंद) हेडफोन, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो.