थरारपटाची पहिली दोन मिनिटं

दिवाळी झाली की आमच्या गोव्यातल्या फोंडा भागातली बारावीची आणि कॉलेजातली मुलं लघुपटाच्या तयारीला लागतात. थरारपट करायचा ठरला, की संहितेच्या पहिल्या पानावर सुरा, रक्त आणि किंकाळी हमखास असतात. मी तिन्ही काढायला सांगते. किंकाळी ऐकली की काय झालं ते कळतं, मग पुढे बघायचं कशासाठी? पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहायला हवा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला उठून जाता येऊ नये.

हा प्रश्न आपल्या वाड्यावरच, म्हणजे वस्तीतच शोधा. एक उदाहरण घेऊ. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, भोंपू वाजवतो, फाटकाला अडकवलेल्या पिशवीत उंडे (गोल पाव) टाकतो आणि पुढे जातो. पहिल्या घरी हात बाहेर येतो, पिशवी आत जाते. दुसऱ्या घरीही तसंच. तिसऱ्या घरची पिशवी मात्र आधीच भरलेली आहे. वरचे उंडे वाळून कडक झालेत, मुंग्या लागल्यात. पोदेर थांबतो, पुन्हा भोंपू वाजवतो. कोणी येत नाही. तो निघतो, आणि त्याच्या पाठीमागे बल्कांवातला (घरापुढच्या बसायच्या पडवीतला) जळणारा दिवा विझतो. म्हणजे घरात कोणीतरी आहे. कोण? इथे शीर्षक. संवाद नाही, मारामारी नाही, खर्च पावाचा.

हे कागदावर आलं की चौकटी काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही; काड्यांची माणसंसुद्धा चालतात. दोन मिनिटांना वीस-पंचवीस शॉट पुरतात. प्रत्येक चौकटीखाली दोन ओळी लिहा: काय दिसतं आणि काय ऐकू येतं. ही दुसरी ओळ रिकामी राहिली तर तो शॉट अजून विचार करून लिहिलेला नाही असं समजा. फाटक पडद्यावर पोदेराच्या उजवीकडे दिसत असेल तर सगळ्या शॉटमध्ये उजवीकडेच ठेवा. सायकल आणि फाटक यांच्यामधली रेषा ओलांडून कॅमेरा पलीकडे गेला, की माणूस उलट्या दिशेला निघाल्यासारखा दिसतो आणि प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो.

परवानगीचं आधी उरका. बंद दिसणाऱ्या घरालाही मालक असतो, बऱ्याचदा परदेशात. शेजारी किंवा नातेवाइकांकडून नंबर घेऊन विचारा. सार्वजनिक जागेवरच्या चित्रीकरणासाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे चौकशी करा. सफा मशीद किंवा तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, तिथे ट्रायपॉड घेऊन थेट जाऊ नका. खोटं पिस्तूल रस्त्यावर काढणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा. खरं तर काढूच नका.

कॅमेरा फोनचा असला तरी चालतो, पण फोनच्या मर्जीवर सोडू नका. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप घ्या. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या शटरवर बल्बची फडफड दिसत नाही. फोकस, एक्सपोजर आणि रंगाचं तापमान (व्हाइट बॅलन्स) तिन्ही लॉक करा. डिसेंबरात सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो, आणि त्याआधीचा निळा उजेड जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतो. एका पहाटेत सगळं होणार नाही. दूरचे, आकाश दिसणारे शॉट त्या वेळात घ्या. हात, चाक, पिशवी हे जवळचे शॉट जांभ्याच्या भिंतीच्या सावलीत नंतर घेता येतात. पिशवीत किती उंडे होते याचा प्रत्येक वेळी फोटो काढून ठेवा. उंडे आधी काही दिवस उन्हात वाळवा, रंगवलेला पाव पडद्यावर लगेच ओळखू येतो.

आता आवाज. माझ्या मते थरारपट इथेच उभा राहतो किंवा पडतो, आणि मुलं नेमका इथेच वेळ देत नाहीत. खऱ्या पोदेराला सकाळच्या फेरीत अडवू नका, त्याचं पोट त्यावर आहे. फेरी संपल्यावर त्याला भेटा, भोंपू मागून घ्या आणि शांत जागी वेगळा रेकॉर्ड करा: एकदा जवळून, एकदा पन्नास पावलांवरून, एकदा भिंतीआडून. लांबचा भोंपू संगणकावर नुसता आवाज कमी करून मिळत नाही, कारण अंतरामुळे आवाजाचा पोतच बदलतो. दुसरा फोन खिशात ठेवून कॉलर माइक लावला तरी पुरे. ४८ किलोहर्ट्झवर घ्या आणि शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे चित्र-आवाज जुळवता येतात. घरात शूट करताना पंखा आणि फ्रीज बंद करा. स्कूटरची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जात नाही. प्रत्येक जागेचा, कोणी न बोलता, एक मिनिटाचा आवाज जरूर घ्या: रातकिडे, माडांची सळसळ, लांबची देवळाची घंटा. तिसऱ्या भोंपूनंतर हे सगळं एकाएकी काढून टाका. तयार भीतीदायक संगीतापेक्षा त्या शांततेने अंगावर काटा येतो. शीर्षकाखाली काही हवंच असेल तर त्याच भोंपूचा वेग चौथाईवर आणा. सूर दोन सप्तकं खाली जातो आणि ओळखीचा आवाज गुरगुरू लागतो.

संकलनाला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. पहिल्या दोन घरांचे कट एका लयीत ठेवा, प्रेक्षकाला सवय होऊ द्या. तिसऱ्या फाटकावरचा शॉट त्याच्या दुप्पट लांबवा. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत भरतो आणि विद्यार्थ्यांना प्रतिनिधी म्हणून नोंदणी करता येते. तिथे वही घेऊन बसा आणि मनात पहिला प्रश्न कितव्या मिनिटाला आला तेवढंच टिपा.

श्रेयनामावलीची जागा चौकटी काढतानाच मोकळी सोडा, कौलांवरचं आकाश किंवा कोरी भिंत. नाव मनातल्या मनात दोनदा वाचून होईपर्यंत पडद्यावर राहू द्या. मुक्ता किंवा बलू हे खुले देवनागरी फॉन्ट स्वच्छ दिसतात; रक्त ठिबकणारी अक्षरं नकोत. काही वेळा शीर्षकात जोडाक्षरं तुटतात. तसं झालं तर दुसऱ्या ॲपमध्ये शीर्षकाची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल करा आणि चित्र म्हणून आणा.

मग ज्याला गोष्ट माहीत नाही अशा कोणाला तरी दाखवा, आणि आवडलं का हे विचारू नका. आता काय जाणून घ्यायचंय, एवढंच विचारा. “घरात कोण आहे?” असं उत्तर आलं तर काम झालं. “तो पाववाला कोण होता?” असं आलं, तर पोदेराच्या चेहऱ्याचे शॉट कापा आणि दुसऱ्या कोणाला दाखवा.