चुकीच्या मापाचे टायर बसवून दिले, तर दुकानाकडे दाद कशी मागावी

गगनबावड्याकडचा पाऊस सुरू होण्याआधी चारही टायर बदलून घ्यावेत, म्हणून मी कोल्हापुरातील एका दुकानात गाडी लावली. गाडीचे माप १८५/६५ आर १५ आहे आणि ते मी सांगितलेही होते. घरी आल्यावर पाहिले, तर चारही टायरवर १७५/६५ आर १५ असे उमटलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो तेव्हा उत्तर मिळाले, “बसतंय की साहेब, एवढ्यानं काय हुतंय?” शेवटी टायर बदलून मिळाले, पण त्यासाठी जे करावे लागले ते आधी ठाऊक असते, तर माझे काही हेलपाटे वाचले असते.

दुकानात जाण्यापूर्वी आपलेच म्हणणे तपासून घ्यावे. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की चौकटीवर एक स्टिकर दिसते. त्यावर टायरचे माप आणि हवेचा दाब छापलेला असतो. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या आवृत्तीला वेगवेगळी मापे असू शकतात आणि दुकानातील मुलगा बहुधा गाडीचे नाव ऐकून टायर काढतो; घोटाळा पुष्कळदा इथेच होतो. स्टिकर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही मापे दिलेली असतील, तर आपली बाजू लंगडी पडते, हे मान्य करावे. त्याचप्रमाणे दुकानदाराने ‘हे माप नाही, ते घालू का’ असे विचारले असेल आणि आपण मान डोलावली असेल, तर भांडणात फारसा दम राहत नाही.

‘एवढ्याने काय होते’ याचे उत्तर आकड्यांत द्यावे. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला, तर माझ्या मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर आणि बसवलेल्याचा ६०८.५ मिलिमीटर भरतो. फरक सुमारे दोन टक्क्यांचा. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा थोडी हळू, एवढेच. दुकानदार याच मुद्द्यावर अडून बसतो आणि तिथे तो पूर्ण चुकीचा नसतो, म्हणून त्या वादात शिरू नये. बोट ठेवावे ते मापापुढे छापलेल्या भारांकावर. माझ्या मूळ टायरवर ८८ होता, म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो; नव्यावर ८४, म्हणजे ५०० किलो. पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना-उतरताना प्रत्येक चाकामागे साठ किलोंची तूट आहे, असे म्हटल्यावर दुकानातील सूर बदलला. एकाच आसावर दोन वेगळ्या मापांचे टायर बसवले असतील, तर मात्र गाडी लांब चालवूच नये.

चूक लक्षात येताच गाडी शक्य तितकी कमी चालवावी. माल विक्री अधिनियम, १९३० नुसार वर्णन सांगून घेतलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. पण नापसंती न कळवता माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे मानले जाते. ‘वापरलेला टायर परत घेत नाही’ हे वाक्य हमखास ऐकावे लागते आणि त्यावर आपला आधार म्हणजे किलोमीटरचा आकडा. चारही टायरवरील माप, दरवाज्यावरील स्टिकर, किलोमीटरचा आकडा आणि बिल यांचे फोटो त्याच दिवशी काढावेत. जुने टायर बदलीत दिले असतील, तर ते विकू नयेत असे लगेच कळवावे, नाहीतर वाद मिटेपर्यंत गाडी घरी नेण्याचीही पंचाईत होते.

तोंडी बोलणे झाले, तरी त्याच दिवशी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर लेखी कळवावे. मजकूर थोडका असावा: “आपल्याकडे अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या बिलाने मी १८५/६५ आर १५ मापाचे चार टायर मागितले, बसवलेले टायर १७५/६५ आर १५ आहेत. ते मी स्वीकारलेले नाहीत. सात दिवसांत योग्य मापाचे टायर बसवून द्यावेत किंवा बसवणी, बॅलन्सिंग व अलाइनमेंटसह पूर्ण रक्कम परत करावी.” बिल दिलेच नसेल, तर यूपीआयची नोंद जपून ठेवावी आणि बिल मागावे, ते नाकारणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दुकानदार ‘कंपनीकडे तक्रार करा’ असे सांगून आपल्याला वाटेला लावू पाहील. कंपनीची वॉरंटी उत्पादनातील दोषासाठी असते. निर्दोष पण चुकीच्या मापाचा टायर ही विकणाऱ्याची चूक आहे, म्हणून तिथून हलू नये. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असेल, तर त्यानेही दबून जाऊ नये. सदोष माल परत घेण्यास नकार देणे याच कायद्याने अनुचित ठरते आणि बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. करारानुसार जे द्यायचे त्यातील उणीव हाही दोषच, अशी मांडणी आपण करावी.

सात दिवस कोरडे गेले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मराठीतही बोलता येते. त्यानेही काम झाले नाही, तर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दुकान सांगलीत किंवा पुण्यात असले, तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. माझे प्रकरण तिथवर गेले नाही. नोटिशीचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला.

टायर बदलून मिळताना नवे बिल घ्यावे किंवा जुन्यावर दुरुस्त माप लिहून सही-शिक्का घ्यावा. टायर चढवण्यापूर्वी भिंतीवरील उत्पादनाचे चार आकडे पाहावेत. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. तडजोडीच्या भरात जुना पडून राहिलेला माल आपल्या गळ्यात मारला जाण्याचा धोका असतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा देऊ नयेत. मी मात्र गडबडीत दिले आणि ते मागे मागायचे राहूनच गेले.