मोटर फिरतेय पण दम नाही? सायन्स प्रोजेक्टवाल्यांनो, या चुका टाळा

परवा भाची सायन्स प्रोजेक्टची घरी बनवलेली मोटर घेऊन आली (तारेच्या वेटोळ्याची म्हणजे कॉइलची दोन्ही टोकं दोन सेफ्टी पिनांच्या कड्यांत टेकलेली, जवळ मॅग्नेट आणि पिनांना जोडलेला एक सेल), प्रदर्शनाला दोनच दिवस उरलेले, म्हणाली मामा हिच्यात जोरच नाहीये, नऊ व्होल्टची बॅटरी लावू का. आमच्या इंदूरच्या घरी दरवर्षी कुणाची तरी अशी मोटर येतेच आणि सगळ्यांना आधी बॅटरीच बदलायची असते, म्हणून हे लिहितोय.

ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावू नका. आपली कॉइल म्हणजे २६ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) जेमतेम दोन मीटर तांब्याची तार, तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ०.२ ओहमच्या आसपास. तिला करंट हवा, आणि त्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्सच एक-दोन ओहम, म्हणजे घटकाभर जोरात फिरेल आणि बसेल. त्यापेक्षा १.५ व्होल्टचा टॉर्चचा जाडा अल्कलाइन सेल घ्या, तो बराच वेळ करंट देतो.

खरी गडबड बहुतेक वेळा खरवडण्यात असते. तारेवर एनॅमलचं, करंट अडवणारं कोटिंग असतं, ते एका टोकाचं पूर्ण काढायचं आणि दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्ही पूर्ण काढलीत तर अर्ध्या फेरीत पुढे धक्का, उरलेल्या अर्ध्यात मागे, मोटर नुसती डोलत राहते. आणि मॅग्नेट कॉइलच्या खाली असेल तर खरवडताना कॉइल उभी धरा, टोक टेबलाच्या काठावर टेकवा आणि वरची बाजू घासा. भाचीनं आडवी ठेवून घासली होती, मग करंट नेमका चुकीच्या वेळी मिळतो, निम्मा धक्का उलटा पडतो. हे एवढं नीट केलं आणि तीच मोटर त्याच सेलवर भिंगरीसारखी फिरली, तिचा चेहरा बघण्यासारखा होता!

वेढे वाढवले की पॉवर वाढते असं मुलं धरून चालतात. थोडी वाढते, पण वेढे दुप्पट केले की तारेचा रेझिस्टन्सही दुप्पट, करंट कमी, वर कॉइल जड. वीसेक वेढ्यांपासून सुरू करा, पाच-पाच वाढवून बघा आणि वहीत लिहून ठेवा, परीक्षकांना दाखवायला तेच कामी येतं. तार महाराणी रोडच्या इलेक्ट्रिक दुकानांत विचारा.

मॅग्नेट साधा काळा, फेराइटचा असेल तर निओडिमियमचा (हा जास्त ताकदीचा) लावा, फरक लगेच दिसतो, आणि कॉइल त्याला न घासता जितकी जवळ येईल तितकी आणा. दोन्ही बाजूंना मॅग्नेट लावत असाल तर ते एकमेकांना ओढणारे असायला हवेत, ढकलणारे लावले तर मधलं चुंबकीय फील्ड जवळपास संपतंच. हे मॅग्नेट लहान भावंडांपासून लांब ठेवा, पोटात गेले तर फार धोका.

सेफ्टी पिनच्या कड्या पॉलिश पेपरनं घासून घ्या, कॉइल एका बाजूला झुकत असेल तर तिची दांडी, म्हणजे बाहेर आलेली दोन्ही टोकं, मधोमध आणा.

मोटर अडकली की सेल लगेच काढा, फिरत नसताना करंट सगळ्यात जास्त जातो आणि तार चटका बसेल इतकी तापते. घरच्या प्लगला तर कधीच जोडू नका.