एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताय? निदान या चुका तरी टाळा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ठरलेला प्रश्न येतो: "ईबीसी (एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक) बारा दिवसांऐवजी नऊ दिवसांत होईल का?" एक्सेल शीटवर होतो. तिथे काहीही होतं.

विचारणारे बहुतेक सह्याद्रीत तयार झालेले असतात. एका रात्रीत केटूएस (कात्रज ते सिंहगड) मारलेला असतो, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालेला असतो. पाय दणकट असतात यात वाद नाही. पण कळसूबाई 1646 मीटर, आणि विमान जिथे उतरतं ते लुक्लाच 2860 मीटरवर. म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर संपतं त्याच्याही बाराशे मीटर वरून तुमचं चालणं सुरू होतं. बेस कॅम्प 5364 मीटरवर. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच ऑक्सिजन मिळतो, आणि त्याची सवय शरीराला त्याच्याच गतीने होते. तुम्ही दहा किलोमीटर किती मिनिटांत पळता याच्याशी तिचा संबंध नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: मुक्काम गाळणे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे तिथेच काढायची. यासाठीच वाटेतल्या नामचे (3440 मीटर) आणि दिंगबोचेला (4410) जादा मुक्काम असतो. तो लोळण्यासाठी नसतो. नामचेहून स्यांगबोचेच्या बाजूला चढायचं, फोटो काढायचे आणि झोपायला खाली यायचं.

लोबुचेला (4940) एकदा शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू आलं. दोन तरुण मित्र होते, दिंगबोचेचा जादा दिवस "वाचवून" आलेले. त्यातला एक शेकोटीला चिकटून गप्प बसला होता, पुढ्यातला दाल-भात तसाच. विचारलं तर म्हणाला, "काही नाही, गॅसेस झालेत." डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं आणि तो वेदनाशामक गोळ्या घेत वर येत होता, हे मित्राने नंतर सांगितलं. थोड्या वेळाने तो बाहेर जायला उठला आणि बुटाची नाडी त्याला बांधता येईना. दोन्ही टोकं हातात धरून नुसता बघत बसला. मी त्याला फळीच्या जमिनीवर टाचेला पंजा लावून सरळ चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला भिंतीवर गेला.

हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते. मित्र म्हणे, उजाडल्यावर बघू. लॉजवाल्याने ऐकलं नाही. दोन पोर्टर आणि हेडलॅम्प घेऊन त्याला रात्रीच थुक्लाच्या उतारावरून खाली फेरिचेला (4371) नेलं. तिथे सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना असतो. ऑक्सिजन लागला, सकाळी आणखी खाली गेला, वाचला. आणि त्याचा मित्र दुसऱ्या दिवशी मला काय विचारतो? "मी एकटा बेस कॅम्प करून आलो तर चालेल ना?" यावर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी सवय सांगतो. संध्याकाळी प्रत्येकाच्या ताटाकडे बघायचं. भूक गेली आणि डोकं दुखतंय, तर उद्या वर जायचं नाही. चर्चा नाही. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नक्कीच. पण ती शरीराला सवय व्हायला मदत करते, गाळलेला दिवस भरून देत नाही.

दुसरी लाडकी चूक: लुक्लाहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी काठमांडू-मुंबई तिकीट. लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटर, तीही उताराची, आणि विमानं डोळ्यांना दिसतं तेव्हाच उडतात. दुपारनंतर वारा आणि ढग, म्हणून सगळा खेळ सकाळचा. दोन दिवस ढग बसले की लॉजमध्ये हताश माणसांची गर्दी होते आणि हेलिकॉप्टरवाले मागतील तो भाव. भर सीझनमध्ये बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. त्यासाठी मध्यरात्री गाडीत बसून चार-पाच तास हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा. नाही लागले तर भक्तपूर बघा, काही बिघडत नाही.

बाकीच्या थोडक्यात.

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर नीट दिसत नाही. ते बघायचं तर काला पत्थर ही जवळची उंच टेकडी चढायची. सगळी ताकद बेस कॅम्पच्या सेल्फीवर घालवून गोरकशेपला, म्हणजे बेस कॅम्पच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामी, आडवे होणारे खूप.

नवे बूट. दर वर्षी. का?

कॉटनचा टी-शर्ट घामाने भिजला की वाळत नाही. पावसाळी ट्रेकला चालतो, इथे नाही.

याक किंवा झोप्क्यांचा (याक-गाईच्या संकराचा) तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीकडे कधीच नाही. झुलत्या पुलावर तर आधी त्यांना येऊ द्या. व्हिडिओ पलीकडून काढा.

विमा घेताना तो किती उंचीपर्यंत चालतो आणि त्यात हेलिकॉप्टर आहे का, हे वाचा. स्वस्तातल्या पॉलिसी बऱ्याचदा बेस कॅम्पच्या खूप खालीच थांबतात.

विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. आधारच्या भरवशावर राहू नका. आणि रोकड काठमांडूतच काढा. आपल्या एका रुपयाला नेपाळी 1.60, हा दर पक्का आहे. नामचेच्या पुढे एटीएमची आशा धरू नका, आणि वर जाल तसं फोन चार्ज करायलासुद्धा पैसे पडतात.