सॅन हुआनला जाताय? आधी तिथी बघा

विमानाची तिकिटं शोधायच्या आधी कालनिर्णय काढा. रजा, हॉटेल, गाडी सगळं नंतर. कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाच्या राजधानीपासून, म्हणजे सॅन हुआनपासून, गाडीने तासाभरावर फाहार्दो आहे. तिथल्या लागुना ग्रांदे या खाऱ्या तळ्यात तिवरांच्या बोगद्यातून कयाक वल्हवत जायचं, आणि अंधारात प्रत्येक वल्ह्यासरशी पाणी निळसर पेटताना बघायचं. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव धक्का लागला की क्षणभर उजेड टाकतात. तो उजेड मंद असतो, चांदणं पडलं की संपला. मागच्या खेपेला आम्ही सुट्टी बघितली, विमानाचे दर बघितले, तिथी बघितली नाही. टपोऱ्या चांदण्यात काळं पाणी वल्हवून आलो, आणि पैसे पूर्ण दिले.

म्हणून: अमावस्या. अमावस्येच्या आगेमागे चार दिवस मिळाले तर उत्तम. ते जमत नसेल तर संकष्टीचा हिशोब लावा. संकष्टीला चंद्र किती उशिरा उगवतो हे उपास करणाऱ्याला कुणी सांगायला नको. त्या दिवसापासून पुढे अमावस्येपर्यंत संध्याकाळची पहिली फेरी अंधारात मिळते. अमावस्या उलटली की उलटं होतं. चतुर्थी-पंचमीनंतर चंद्र सूर्यास्तालाच आकाशात बराच वर असतो, मग रात्रीची उशिराची फेरी घ्या. अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत नादच सोडा. मुंबई आणि सॅन हुआन जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे कालनिर्णयातली मुंबईची चंद्रोदयाची वेळ तिथल्या घड्याळालाही पाव-अर्ध्या तासाच्या फरकाने लागू पडते. टूर विकणारा पौर्णिमेलाही तिकीट विकेल, 'आज जरा कमी दिसेल' म्हणेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका, तारीख बदला.

कागदपत्रं. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, त्यामुळे न्यू जर्सीहून जाणाऱ्याला हा देशांतर्गत प्रवास. डॉलर चालतो, वेगळा व्हिसा नाही. एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांपैकी ज्यांच्या पासपोर्टावरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय आणि भारतात जाऊन स्टँपिंग झालेलं नाही, त्यांनी मेक्सिकोतल्या कॅनकूनचा विचार सोडून इकडे यावं. फक्त थेट विमान घ्या किंवा अमेरिकेतच बदला. दुसऱ्या एखाद्या कॅरिबियन देशातून स्वस्त जोडविमान घेतलंत तर तुम्ही देशाबाहेर पडलात, मग परत येताना शिक्का लागणारच. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), आय-७९७ (व्हिसा अर्जाच्या मंजुरीचं पत्र) जवळ असू द्या. भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन जात असाल तर त्यांचे मूळ पासपोर्ट घ्या, झेरॉक्स नव्हे.

ऋतू: डिसेंबर ते एप्रिल कोरडा, म्हणून महागही. जून ते नोव्हेंबर वादळांचा. २०१७ च्या सप्टेंबरमधल्या मारिया वादळानं अख्ख्या बेटाची वीज घालवली होती आणि वीज अजूनही अधूनमधून जाते. पॉवर बँक भरून ठेवा. नाताळची सुट्टी ठरवताय? ठरवा, पण त्या आठवड्यात चंद्र कुठे आहे ते आधी. दरवर्षी वेगळं असतं.

टोपी, गॉगल, सनस्क्रीन, पोहण्याचे कपडे: घ्या. जुन्या सॅन हुआनचे निळसर फरसबंदी रस्ते पाऊस पडला की निसरडे होतात, तेव्हा पकड असलेले बूट. डासांचं औषध जवळ ठेवा, पण कयाकच्या संध्याकाळी अंगाला फासू नका. ते पाण्यात उतरतं आणि त्या जिवांना मारतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. लागुना ग्रांदेत पोहायला बंदी आहे, हे मुलांना घरीच सांगून ठेवा.

पोहायचंय ते दिवसा, आणि जीवरक्षक असेल तिथेच. सॅन हुआनमधल्या कोंदादोच्या हॉटेलांसमोरचं पाणी फोटोत गोड दिसतं, प्रत्यक्षात तिथला प्रवाह माणसाला आत खेचतो. हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावर लाटा आणखी मोठ्या. एस्काम्ब्रोन किंवा लुकियोच्या किनाऱ्यावर जा. 'मला मालवणात पोहता येतं' हा युक्तिवाद तिथे करू नये.

खाण्याबद्दल शाकाहाऱ्यांनी नीट वाचा. मोफोंगो म्हणजे कच्ची केळी तळून लसणाबरोबर खलबत्त्यात कुटलेला गोळा. ऐकायला शाकाहारी, पण त्यात बहुतेक ठिकाणी चिचारोन कुटतात, म्हणजे डुकराची कुरकुरीत तळलेली कातडी. भाताबरोबरच्या घेवड्यात हॅम असतो. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण हॅमला तिथे कुणी मांसात धरतंच असं नाही. 'सिन हामोन, सिन चिचारोन' (हॅमशिवाय, चिचारोनशिवाय) पाठ करा. तोस्तोनेस (कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप), पिकल्या केळ्याचे तळलेले काप आणि नारळाच्या दुधाचं थरथरतं तेम्ब्लेके निर्धास्त खा. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. विमानतळापलीकडे पिन्योनेसला रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर खाऱ्या कॉड माशाची बाकालाइतो नावाची भलीमोठी कुरकुरीत भजी मिळते, खेकडा भरलेली आल्कापुर्रिया मिळते. जेवण तिखट नसतं. मसाल्याची पुडी नेण्याऐवजी 'पिके' मागा, ते मिरच्या मुरवलेलं व्हिनेगर असतं. पिरागुआ म्हणजे बर्फाचा गोळाच. जेवणं उशिरा होतात, तेव्हा कयाकच्या दिवशी आधी खाऊन निघा. आणि त्या दिवसाची तिथी? पुन्हा विचारतोय.

भटकंती. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले एका तिकिटात होतात. सकाळी जा, सावली नाही. एल मोरोसमोरच्या हिरवळीवर लोक पतंग उडवतात, तिथेच विकतही मिळतो. वारा छान असतो. एल युंकेच्या जंगलात पाऊस गृहीत धरा, गाडी लावायला जागा मिळावी म्हणून लवकर पोचा. गाडी चालवताना लक्षात ठेवा, पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलात. टोलचा टॅग गाडी घेतानाच मागा. व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे लागुना ग्रांदेहूनही तेजस्वी, पण बोट सेइबाहून सुटते, तिकिटं संपतात, भाड्याची गाडी बोटीवर नेता येत नाही आणि रात्री तिथेच राहावं लागतं. वेळ असेल तरच. तिथेही पौर्णिमा नको. कोजागिरीला घरी दूध आटवा.

खरेदी थोडक्यात. करमुक्त वगैरे काही नाही, वस्तूंवर ११.५ टक्के विक्रीकर लागतो. डोंगरातली कॉफी घ्या, नारळापासून केलेले शिंगवाले मुखवटे घ्या, रम घेतलीत तर चेक-इन बॅगेत. चुंबक आणि टी-शर्ट सगळीकडे सारखेच.

परतताना विमानतळावर शेतीखात्याचं वेगळं स्कॅनिंग असतं, बॅगा आधी तिथून न्याव्या लागतात. अर्धा तास जास्त धरा. आंबा नेऊ देत नाहीत, तो हॉटेलवरच खाऊन संपवा.